आयर्लंडची तटस्थता: कुलपं तीन, पण किल्ल्या कुणाकडे?

७ डिसेंबर २०१७ रोजी डब्लिनमध्ये डॉइलमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या लोकसभेत, एका ठरावावर मतदान झालं. बाजूने ७५, विरोधात ४२. ठराव होता युरोपीय संघाच्या ‘पेस्को’ या संरक्षण-व्यवस्थेत सामील होण्याचा. लष्करी साहित्य मिळून विकसित करायचं, प्रशिक्षण एकत्र घ्यायचं, एकमेकांच्या फौजांना एकमेकांबरोबर काम करता येईल अशी तयारी ठेवायची, असा या व्यवस्थेचा उद्देश. चारच दिवसांनी २५ देशांची पेस्को अस्तित्वात आली. तेव्हाचे आयरिश पंतप्रधान होते लिओ वराडकर. वडील अशोक वराडकर मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. त्यामुळे हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यांच्या सरकारने त्या आठवड्यात काय मंजूर करून घेतलं, ते मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

आयर्लंड स्वतःला तटस्थ म्हणवतो. दुसऱ्या महायुद्धात तो उतरला नाही, नाटोत कधी गेला नाही. मग असा देश संरक्षण-सहकार्यात किती खोल उतरू शकतो? आणि तो उतरत असताना त्याच्या संसदेला थांब म्हणायचा अधिकार किती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आयर्लंडच्या राज्यघटनेत ‘आयर्लंड तटस्थ राहील’ असं वाक्य कुठेही नाही. ऑस्ट्रियाने २६ ऑक्टोबर १९५५ रोजी तटस्थतेचा घटनात्मक कायदाच केला. आयर्लंडची तटस्थता हे धोरण आहे. सरकार त्याला ‘लष्करी तटस्थता’ म्हणतं आणि त्याचा अर्थ सांगतं तो एवढाच: आम्ही कुठल्या लष्करी युतीचे सभासद नाही. घटनेत आहेत ती काही कलमं. कलम २८ सांगतं की डॉइलच्या संमतीशिवाय युद्ध पुकारता येणार नाही आणि युद्धात भागही घेता येणार नाही. कलम २९ मधली एक तरतूद सांगते की युरोपीय संघाने उद्या सामायिक संरक्षण उभारायचं ठरवलं, तर आयर्लंडला त्यात सामील होता येणार नाही. ही तरतूद बदलायची तर सार्वमतच घ्यावं लागेल. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: प्रत्येक आंतरराष्ट्रीय करार डॉइलच्या पटलावर ठेवला पाहिजे, आणि सरकारी तिजोरीवर बोजा पडणार असेल तर त्याच्या अटींना डॉइलची मंजुरी घेतली पाहिजे.

म्हणजे तटस्थता टिकली की मोडली, हे आयर्लंडमध्ये एखाद्या व्याख्येवरून ठरत नाही. कुणी कुणाला विचारायला हवं होतं आणि विचारलं का, यावर ते ठरतं.

तीन कुलपं आली कुठून

१९६० च्या जुलैत आयर्लंडने संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेसाठी काँगोत पलटण पाठवली. आयरिश लष्कराची परदेशातली ही पहिली मोठी कामगिरी. तिची दाहक बाजू लगेच दिसली: ८ नोव्हेंबरला निएम्बा इथल्या हल्ल्यात नऊ आयरिश सैनिक मारले गेले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. संयुक्त राष्ट्रांच्या दलात सशस्त्र तुकडी पाठवायची आणि ती १२ जणांपेक्षा मोठी असेल, तर डॉइलची आगाऊ मंजुरी हवी. बाराचा हा आकडा साठ वर्षांहून जास्त काळ टिकला आहे. पुढे याच आकड्यावरून रण माजणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

‘तिहेरी कुलूप’ हे नाव नंतरचं. जून २००१ मध्ये आयरिश मतदारांनी युरोपीय संघाचा नीस करार सार्वमतात फेटाळला. मतदानाला जेमतेम ३५ टक्के लोक बाहेर पडले होते, आणि विरोधाच्या कारणांत एक धास्ती ठळक होती: हळूहळू आपल्याला युरोपच्या सैन्यात ओढतील. सरकारने त्यावर तोडगा काढला. जून २००२ मध्ये सेव्हिल इथल्या शिखर बैठकीत आयर्लंडने जाहीर निवेदन केलं की परदेशी मोहिमेत सैनिक पाठवण्याआधी तीन गोष्टी लागतील: संयुक्त राष्ट्रांचा ठराव, सरकारचा निर्णय आणि डॉइलची मंजुरी. ऑक्टोबरमध्ये तोच करार पुन्हा मतदानाला आला आणि मंजूर झाला. २००८ ला लिस्बन करार नाकारून २००९ मध्ये स्वीकारला गेला, तेव्हाही हीच ग्वाही पुन्हा दिली गेली. थोडक्यात, मतदारांची समजूत काढताना दिलेला हा शब्द आहे. म्हणूनच त्याला हात लावला की लोक खवळतात.

या कुलपांची पहिली अडचण मॅसिडोनियात दिसली. २००३ मध्ये युरोपीय संघाने आपली पहिली लष्करी मोहीम तिथे नेली. सुरक्षा परिषदेने त्या प्रयत्नांचं स्वागत केलं होतं, पण मोहिमेला रीतसर अधिकार दिलेला नव्हता. त्याआधी १९९९ मध्ये तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या तुकडीची मुदतवाढ चीनने नकाराधिकार वापरून रोखली होती. मॅसिडोनियाने तैवानला मान्यता दिली, हे त्यामागचं उघड गुपित. आयर्लंडला संघाच्या मोहिमेत जाता आलं नाही. मग २००६ मध्ये कायद्यातली शब्दरचना सैल केली गेली: संयुक्त राष्ट्रांनी ‘स्थापन केलेलं, अधिकार दिलेलं, पाठिंबा दिलेलं, मान्य केलेलं’ असं कुठलंही दल चालेल, आणि ठराव सुरक्षा परिषदेचा असो वा आमसभेचा. कुलूप तेच राहिलं, फक्त किल्लीचे दाते घासून घेतले.

दुसरी अडचण बाराची. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लढाई पेटली. अडकलेल्या आयरिश नागरिकांना बाहेर काढायला मंत्रिमंडळाने लष्करी माणसं पाठवली. किती? जास्तीत जास्त १२. परिस्थितीची गरज मोजून हा आकडा आला की कायद्याकडे पाहून, हे वाचकाने ठरवावं.

पेस्कोचा ठराव जवळून

आता पुन्हा २०१७ कडे. पेस्कोत शिरणं म्हणजे सैनिक पाठवणं नव्हे, त्यामुळे तिहेरी कुलूप इथे लागूच होत नव्हतं. तरी ठराव डॉइलमध्ये आणावा लागला, आणि तो घाईघाईने आणल्याची तक्रार विरोधकांनी केली. ती अनाठायी नव्हती. पेस्कोत येणारा देश २० बंधनकारक वचनं देतो. त्यातलं पहिलंच असं की संरक्षणाचा खर्च महागाई वजा जाता नियमितपणे वाढवत राहायचा. हे वाक्य एखाद्या अर्थसंकल्पी चर्चेत आलं असतं तर त्यावर आठवडाभर खडाजंगी झाली असती. इथे ते वीस कलमांच्या यादीत एका ठरावाबरोबर मंजूर होऊन गेलं.

आणखी एक गोष्ट. वराडकरांचं सरकार तेव्हा अल्पमतात होतं. प्रमुख विरोधी पक्ष फिअना फॉइलच्या बाहेरून दिलेल्या आधारावर ते चाललं होतं. म्हणजे डॉइलच्या हाती त्या दिवशी खरी ताकद होती. फिअना फॉइलने मान हलवली नसती तर ठराव पडला असता. त्याने पाठिंबा दिला. संसदेचा अंकुश कागदावर किती आहे याबरोबरच सभागृहात त्या दिवशी आकड्यांचं गणित काय आहे, यावर तो किती चालतो हे ठरतं. सरकारकडे स्पष्ट बहुमत असलं आणि पक्षादेश निघाला, की सरकारचा निर्णय आणि डॉइलची मंजुरी ही दोन वेगळी कुलपं उरत नाहीत. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात असतात. तिसरी, संयुक्त राष्ट्रांची, तेवढी बाहेरच्याकडे. तिहेरी कुलपाचे समर्थक नेमकं याच कारणासाठी तिसऱ्या किल्लीला इतकं घट्ट धरून बसले आहेत, आणि मला त्यांचा हा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो.

पेस्कोत गेल्यानंतर काय? तिथे प्रकल्प असतात, आणि कुठल्या प्रकल्पात जायचं ते प्रत्येक देश ठरवतो. आयर्लंडने सुरुवातीला सागरी टेहळणीसारखे मोजके प्रकल्प निवडले. काही वर्षांनी आणखी चार घेतले. त्यांत समुद्रातले सुरुंग शोधणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा होत्या आणि सायबर हल्ल्यांची माहिती एकमेकांना देण्याचा प्रकल्पही होता. प्रत्येक वेळी डॉइलकडे जायचं ही पद्धत चांगली आहे. पण मंजुरी असते दारातून आत जाण्याची. आत गेल्यावर प्रकल्पाचा रोख बदलला, खर्च वाढला, टेहळणीची माहिती पुढे कुणाकडे जाते हा प्रश्न आला, तर त्यासाठी उरतात समितीतले प्रश्न, लेखी उत्तरं आणि वार्षिक अहवाल. लष्कराच्या परदेशी मोहिमांचा अहवाल दरवर्षी सभागृहापुढे येतो. तो येतो तेव्हा ज्यावर नियंत्रण ठेवायचं ते घडून गेलेलं असतं.

सहकार्याची गरज काय, असंही कुणी विचारेल. आयरिश लष्कर साडेसात हजारांच्या आसपास. लढाऊ जेट विमान एकही नाही. संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.२ टक्क्याच्या आसपास. बहुराष्ट्रीय कंपन्यांमुळे ते उत्पन्न फुगलेलं दिसतं हे धरलं तरी युरोपात तळाचा. दुसरीकडे समुद्र मोठा, आणि युरोप-अमेरिकेला जोडणाऱ्या इंटरनेटच्या तारा त्याच्या तळाशी. जानेवारी २०२२ मध्ये रशियाने आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, त्याच्या आर्थिक हद्दीतल्या पाण्यात नौदलाच्या कवायती जाहीर केल्या, तेव्हा सरकारने निषेध नोंदवला. कॅसलटाउनबेअरच्या मच्छीमारांनी सांगितलं की आम्ही मासेमारी थांबवणार नाही, आमच्या बोटी तिथेच असतील. त्यांनी थेट रशियन राजदूताची भेट घेतली. महिनाअखेर रशियाने कवायती हद्दीबाहेर नेल्या. देशभर मच्छीमारांचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण आपल्या समुद्राची राखण मच्छीमारांच्या जिवावर सोडलेल्या देशाला शेजाऱ्यांच्या रडारची गरज का भासते, हेही त्यातून कळतं.

जिथे कुणी विचारतच नाही

संसदेचा अंकुश सगळ्यात कच्चा आहे तो जिथे ‘सैन्य पाठवणं’ नसतंच तिथे. शॅनन विमानतळ हे ठळक उदाहरण. देशाच्या पश्चिमेला असलेला हा विमानतळ अमेरिकी सैनिकांची ने-आण करणाऱ्या विमानांचा थांबा आहे. परदेशी लष्करी विमानांना परवानगी परराष्ट्र खातं देतं, आणि अटी कडक आहेत: विमान निःशस्त्र हवं, त्यात शस्त्रं-दारूगोळा नको, ते हेरगिरीसाठी किंवा लष्करी कवायत-कारवाईचा भाग म्हणून आलेलं नको. आता प्रश्न असा की हे तपासतं कोण? लष्करी विमानांची झडती घेतली जात नाही. दुसऱ्या सरकारने दिलेल्या ग्वाहीवर विश्वास ठेवला जातो.

२० मार्च २००३ रोजी, इराक युद्ध सुरू झालं त्याच दिवशी, डॉइलने शॅननचा वापर चालू ठेवण्याच्या बाजूने ठराव केला. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने उच्च न्यायालयात दाद मागितली की हा युद्धातला सहभागच आहे. न्यायालयाने म्हटलं ते थोडक्यात असं: सहभाग कशाला म्हणायचं हे ठरवणं घटनेने डॉइलकडे सोपवलं आहे, आम्ही त्यात पडणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे पटण्यासारखं आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की डॉइलमधल्या बहुमताने ‘हा सहभाग नाही’ म्हटलं की तो सहभाग नाही.

२०१४ च्या जुलैत क्लेअर डेली आणि मिक वॉलेस हे दोन विद्यमान खासदार शॅननच्या धावपट्टीच्या आवारात घुसले. म्हणणं एकच: सरकार विमानं तपासत नसेल तर आम्ही तपासतो. अटक झाली, खटला चालला, प्रत्येकी दोन हजार युरो दंड झाला. तो भरायला नकार दिला म्हणून तुरुंगवारीही झाली, तीही काही तासांची. कुणाला हा स्टंट वाटेल. पण खासदाराला सरकारच्या उत्तराची खातरजमा करायला कुंपण ओलांडावं लागत असेल, तर देखरेखीची व्यवस्था नेमकी कुठे तोकडी पडते ते त्या कुंपणापाशी दिसतं.

त्याहून अवघड प्रकरण आहे ब्रिटिश विमानदलाचं. आयर्लंडच्या आकाशात अनोळखी विमान आलं तर ब्रिटनची लढाऊ विमानं त्याला अडवतील, अशी समजूत दोन देशांत दशकानुदशकं असल्याच्या बातम्या आहेत. आयरिश सरकार ना होकार देतं ना नकार. सेनेटर जेरार्ड क्रॉवेल यांनी न्यायालयात जाऊन सरळ मुद्दा मांडला: असा करार असेल तर घटनेच्या कलम २९ प्रमाणे तो डॉइलपुढे का ठेवला नाही? जे पटलावर आलंच नाही त्यावर प्रश्न विचारणार कोण, आणि मत देणार कोण?

पैशाच्या बाबतीत आयर्लंडने मधला मार्ग काढला. युक्रेनला मदत देण्यासाठी युरोपीय संघाने सामायिक निधी वापरला, तेव्हा शस्त्रांच्या खर्चात आयर्लंडने वाटा उचलला नाही. आपला हिस्सा औषधं, इंधन, चिलखतं अशा प्राणघातक नसलेल्या गोष्टींसाठी दिला. ऑस्ट्रिया आणि माल्टाही याच वाटेने गेले. हिशेबाच्या वहीत हे स्वच्छ दिसतं. एका खिशातून औषधं आणि दुसऱ्यातून तोफगोळे देणारा निधी मात्र एकच.

आपल्या वाचकाला हे सगळं जरा अतीच वाटू शकतं, कारण आपल्याकडे परराष्ट्र करारांना संसदेची मंजुरी लागत नाही. २०१६ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना भारत आणि अमेरिकेत एकमेकांच्या तळांवर इंधन-रसद घेण्याचा करार झाला. अलिप्ततेची परंपरा सांगणाऱ्या देशासाठी हे मोठं वळण होतं, पण त्यावर लोकसभेत मतदान झालं नाही, होण्याची गरजही नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले हजारो जवान जातात, तेही सरकारच्या निर्णयाने. त्या मानाने तेरावा सैनिक पाठवायला सभागृहात यावं लागणं ही चैन म्हणावी इतकी कडक शिस्त आहे.

बाराचे पन्नास

ही शिस्त आता बदलण्याच्या बेतात आहे. मार्च २०२५ मध्ये आयरिश मंत्रिमंडळाने संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीचा आराखडा मंजूर केला. त्यानुसार संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाची अट जाईल. मोहीम संयुक्त राष्ट्रांच्या सनदेशी सुसंगत असली म्हणजे झालं. आणि डॉइलची मंजुरी १२ ऐवजी ५० सैनिकांच्या वर लागेल. सरकारची बाजू अशी: सुरक्षा परिषदेत रशिया किंवा चीनने हात वर केला की आमचं सैन्य घरी बसतं, आमच्या सैनिकांचा निर्णय मॉस्कोने का करावा? ऑगस्ट २०२५ मध्ये लेबनॉनमधली मोहीम डिसेंबर २०२६ अखेर गुंडाळायचा ठराव झाला. आयर्लंड तिथे १९७८ पासून आहे आणि तिथे ४८ आयरिश सैनिकांनी प्राण गमावले आहेत. त्यामुळे ‘पुढे काय’ हा प्रश्न आयर्लंडच्या घराघरांत आहे. गंमत अशी की लेबनॉनबाबत दबाव रशियाचा नव्हता, तो अमेरिकेचा होता. नकाराधिकार कुणाचा झोंबतो, हे ज्याच्या त्याच्या बाजूवर अवलंबून.

विरोधक विचारतात, २००६ पासून आमसभेचा ठरावही चालतो, मग एकटी सुरक्षा परिषदच का पुढे करता? मॅसिडोनियासारखी अडचण पुन्हा पुन्हा आली का?

मला संयुक्त राष्ट्रांच्या अटीबद्दल दोन्ही बाजू समजू शकतात. बारा आणि पन्नासची जोड मात्र खटकते. बाहेरची किल्ली काढून घ्यायची असेल तर घरातली किल्ली जास्त जपायला हवी होती. इथे दोन्ही एकाच वेळी सैल होत आहेत. ५० म्हणजे विशेष दलाची पूर्ण तुकडी, तिच्या रसदीसह. आणि सैन्य जितकं लहान तितका हा आकडा मोठा. स्वित्झर्लंडच्या कायद्यात १०० सशस्त्र सैनिक किंवा तीन आठवडे ही मर्यादा आहे. दोन्हींपैकी एक ओलांडली की संसदेकडे यावं लागतं. आयरिश आराखड्यात संख्येला असा मुदतीचा जोडीदार असता तर आक्षेपाची धार बरीच कमी झाली असती. ४९ जण तीन वर्षं राहिले तर? या प्रश्नाला उत्तर हवं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या कॅथरीन कॉनली या तटस्थतेच्या ठाम पुरस्कर्त्या, आणि तिहेरी कुलूप काढण्याला त्यांचा विरोध जगजाहीर. घटनेच्या कलम २६ प्रमाणे, अर्थविधेयकासारखे अपवाद वगळता, विधेयक सहीपूर्वी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवायचा अधिकार त्यांना आहे. पण न्यायालय तिथे एवढंच पाहील की विधेयक घटनेशी विसंगत आहे का. तिहेरी कुलूप घटनेत नाही; ते साध्या कायद्यात आणि सेव्हिलला दिलेल्या शब्दात आहे. ते घटनेत घालायला सार्वमत घ्या ही मागणी विरोधी पक्ष अनेक वर्षं करत आले आहेत, आणि सार्वमतासाठीचं विधेयक डॉइलमध्ये आणून मंजूर करायचं तर त्यालाही बहुमत लागतं.